चेहरा दुरुस्तीचा अर्ज आणि डबाभर केस

केस गळतात म्हणून कुणी मरत नाही, हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याच्या डोक्यावर जंगल असणार आणि घरात बाळंतीण नसणार. बाळंतिणीचे केस एकेक करून, निरोप घेऊन जात नाहीत. ते मोर्चाने जातात. चौथा महिना लागला आणि चार नंबरच्या डोक्यावरून असा मोर्चा निघाला की न्हाणीघराची मोरी दोनदा तुंबली. बाळाच्या मुठीत केस, उशीवर केस, नवऱ्याच्या जेवणाच्या डब्यात केस. कानांच्या वर, कपाळाच्या दोन्ही बाजूंना, समुद्र ओसरल्यावर वाळू दिसावी तशी कातडी दिसायला लागली.

चार नंबर म्हणजे ती. ओळखपत्रांच्या कार्यालयात खिडकी नंबर चारवर ती सात वर्षं बसली होती, म्हणून तिथे तिला सगळे चार नंबरच म्हणत. समोरचा माणूस आणि त्याचा फोटो एकच आहेत की नाहीत हे बघायचं, हे त्या खिडकीचं काम. ते ती चोख करायची आणि त्याचा तिला अभिमान होता. मोजून दोनच गोष्टींचा होता. दुसरा केसांचा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काळजीचं काही नाही. पोटात बाळ असताना जे केस गळायचे थांबले होते, ते आता एकदम गळतात. वर्षभरात परत येतील. नीट खा आणि भरपूर झोपा." चार महिन्यांचं पोर असलेल्या बाईला भरपूर झोपा म्हणणं म्हणजे पुरात वाहणाऱ्याला जरा कोरडे राहा म्हणण्यासारखं. पण निदान बाई खरं बोलल्या. बाकी जगाने ठोकून दिलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आठवड्यात कांद्याचा रस, अंड्याचं पांढरं, अंड्याचं पिवळं आणि शेवटी सगळं डोकंच भादरून टाकणं, असे चढते उपाय सांगितले. स्वतः काकूंच्या डोक्यावर मोजून मापून एक शेंडी उरलेली. बाळंतिणीला सल्ला देताना माणसाला आरशाची आठवण होत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला चार पोरं झाली. एक केस गळला नाही."

"आई, तुझे तेव्हाचे फोटो बघितलेत मी," नवरा म्हणाला.

"ते फोटोवाल्याचं काम वाईट होतं."

चार नंबरला ते केस टाकवेनात. इतकी वर्षं जपलेली वस्तू केरात कशी टाकायची? ती गळलेले केस बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायला लागली. नवरा सुट्या भागांच्या गोदामात माल मोजायच्या कामावर. त्याला मोकळा डबा बघवत नाही. त्याने त्यावर चिठ्ठी चिकटवली, 'केस, गळीत, चालू'. ती रडली नाही हे तिचं मोठेपण.

मग शुक्रवार आला. रजा रविवारी संपत होती, म्हणून शुक्रवारी ती रुजू होण्याचा कागद द्यायला कार्यालयात निघाली. पाच महिने घरात ज्या एका माणसाशी बोलणं व्हायचं तो प्रत्येक वाक्याला उत्तर म्हणून दूध उलटवायचा. आता मोठी माणसं भेटणार, पूर्ण वाक्यं ऐकायला मिळणार! ती पायऱ्या दोन दोन करत चढली.

दारावर नवं यंत्र. ती रजेवर असताना बसवलेलं. समोर उभं राहायचं, यंत्र चेहरा बघणार, पटला तर काचेचं दार उघडणार. जाताना बाहेर पडायलाही तेच. सगळ्यांचे जुने फोटो म्हणे आतच भरून ठेवले होते. ती उभी राहिली.

"ओळख पटली नाही," यंत्र म्हणालं. बाईच्या आवाजात म्हणालं, हे जास्त लागलं.

पुन्हा उभी राहिली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पदर, पिशवी, चष्मा सगळं नीट करून, फोटोला हसावं तसं हसून उभी राहिली. तेच. दारावरचे मामा खुर्चीवरून उठले, त्यांनी यंत्राला वरून एक टपली मारली. सात वर्षांपूर्वी पंख्यालाही ते असंच करायचे. यंत्र बधलं नाही. शेवटी साहेब बाहेर आले.

"साहेब, हे मला ओळखत नाही."

"केस कुठे गेले तुमचे?"

"बाळंतपणात गेले."

"मग यंत्राची काय चूक? फोटोत तुमच्या भुवयांपर्यंत बटा आहेत. इथे बघावं तिकडे कपाळ. चेहरा दुरुस्तीचा अर्ज करा."

"चेहरा दुरुस्ती?"

"नावात दुरुस्ती असते, पत्त्यात असते, मग चेहऱ्यात का नसावी? दोन जुने फोटो, दोन नवे, आणि दोन्ही माणसं एकच आहेत असा ओळखीच्या अधिकाऱ्याचा दाखला. एकवीस दिवस लागतात."

"सोमवारी रुजू व्हायचंय मला!"

"यंत्राने घेतलं नाही तर गैरहजर. आठ दिवस गैरहजर राहिलात तर खिडकी बदलीवर आलेल्या बाईंना कायमची. तुम्हाला तळघरात पाठवू, जुन्या फायलींच्या खोलीत. शांत जागा आहे. बाळंतिणीला बरी."

"साहेब, दाखला तुम्हीच द्या ना. सात वर्षं ओळखता मला."

"व्यक्तिशः ओळखतो," साहेब मान हलवत म्हणाले. "कार्यालयीन ओळखत नाही."

आणि यंत्राने साहेबांना लगेच ओळखलं, दार उघडलं, साहेब आत गेले. अशा माणसांना यंत्रं ओळखतात. चार नंबर बाहेर उभी. काचेतून तिला तिची खिडकी दिसत होती आणि खिडकीत बसलेली बदलीची बाई तिच्याच पेल्यातून पाणी पीत होती.

घरी येईपर्यंत तिचा राग उकळून आटला होता आणि तळाशी एक गोष्ट उरली होती. सोमवारी सकाळी कपाळावर बटा पाहिजेत. आकाश कोसळलं तरी पाहिजेत.

तळमजल्यावर टोपवाले काका होते. नाटकांसाठी केसांचे टोप करायचे. राजे, ऋषी, म्हाताऱ्या, सगळ्यांची डोकी त्यांच्या दुकानात खुंट्यांवर टांगलेली. त्यांनी तिचं कपाळ उजेडात धरून, कलिंगड निवडावं तसं फिरवून बघितलं.

"तयार टोप नको. नकली केस उजेडात काचेसारखा चमकतो, यंत्र फसायचं नाही. खऱ्या केसांची पट्टी करू. या कानापासून त्या कानापर्यंत. तुझ्यासारखे केस कुठून आणायचे एवढाच प्रश्न आहे."

चार नंबर जिना चढून वर गेली आणि डबा घेऊन अशी खाली आली की मधल्या पायऱ्या तिला लागल्याच नसाव्यात. "काका! माझेच आहेत! महिनाभराचे!"

काकांनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि झाकण लावलं.

"हे केस नाहीत बाळ. हा गुंता आहे."

"विंचरून देते की!"

"विंचरून होत नसतं. केसाला माशासारखे खवले असतात, मुळाकडून टोकाकडे. डोक्यावर सगळे एका दिशेने असतात म्हणून केस सुळसुळीत. गळालेले केस गोळा केले की कुणाचं मूळ इकडे, कुणाचं तिकडे. मग खवल्यात खवला अडकतो आणि पट्टीची गादी होते. प्रत्येक केसाचं मूळ एकीकडे आणि टोक एकीकडे लावून आण. उद्या संध्याकाळपर्यंत आणलेस तर रविवारी विणून देतो."

"मूळ ओळखायचं कसं?"

काकांनी एक केस चिमटीत धरून बोटांनी हळूहळू चोळला. केस जिवंत असल्यासारखा एका बाजूला सरकायला लागला! "ज्या बाजूने पुढे निघाला ते मूळ. केस नेहमी मुळाकडे चालतो."

"किती लागतील?"

"दोन हजार तरी."

शनिवारी सकाळी घराचा कारखाना झाला. नवऱ्याला तर उत्साहाने गिळलंच. त्याने पलंगावर पांढरी चादर ताणली, उशाला लाल दोरा लावला. "मुळं लाल दोऱ्याकडे! टोकं पायथ्याकडे! शंभराची एक जुडी, जुडीला रबर, रबराला चिठ्ठी!" खिडक्या बंद, पंखा बंद, बोलायचं तर तोंड बाजूला करून. शिंकायचं असेल त्याने जिन्यात जायचं. बाळाला पाजून पाळण्यात घातलं आणि तिघं चिमटीत केस घेऊन बसले.

सासूबाई आधी कुरकुरल्या. "मूळ काय, टोक काय! नसते धंदे. लोकांच्या सुना कामावर जातात, आमची डोकं विणतीये." मग त्यांनी एक केस चोळला. तो सरकला. दुसरा चोळला. तोही सरकला. म्हातारीच्या डोळ्यांत असा उजेड आला की विचारू नका. "अगं, चालतोय गं हा! हा बघ, हा पळाला!" पन्नास वर्षं तांदूळ निवडलेल्या बोटांना केस म्हणजे काय? दोघांची मिळून एक जुडी व्हायची तोवर सासूबाईंच्या तीन. "तुझी मुळं वाकडी लागतायत," त्या मुलाला म्हणाल्या. "गोदामात असंच करतोस का?"

दुपारी तीनला अठराशे झाले. अठराशे! चादरीवर काळ्या जुड्या एका रेषेत, रबर लावायच्या बाकी, पण ओळ अशी की सैन्य वाटावं. चार नंबर गुडघ्यांवर बसून नुसती बघत होती. महिनाभर तिला वाटत होतं की आपण झडतोय, संपतोय. आता ती गोळा होत होती. ती हसली, मोठ्याने, तोंड बाजूला न करता. कुणी रागावलं नाही.

आणि दार उघडून काकू आत आल्या.

"अगंबाई, दारंखिडक्या लावून काय बसलात? गुदमराल सगळे! त्या लेकराचा तरी विचार करा!"

"काकू, नको—" तिघं एकदम ओरडले.

काकूंनी पंखा लावला. पाचवर.

पुढचं वर्णन करण्याची ताकद फार थोड्या माणसांत असते. अठराशे केस एका क्षणी चादरीवर होते आणि दुसऱ्या क्षणी घरभर होते. छताला होते. नवऱ्याच्या चष्म्यावर, सासूबाईंच्या चहात, भिंतीवरच्या घड्याळात होते. नवऱ्याने हात पसरून चादरीवर उडी मारली, त्याने उरलेसुरलेही उठले. बाळ जागं झालं, डोळ्यांसमोर तरंगणारे केस बघून खदखदा हसायला लागलं आणि दोन्ही मुठींनी पकडायला लागलं. एवढ्या घरात आनंदी माणूस तेवढा एकच.

"मला काय माहीत," काकू म्हणाल्या. "कांद्याचा रस लावला असता तर ही वेळ आली नसती."

चार नंबर उठली. तिने काकूंचा हात धरला, त्यांना खाली बसवलं आणि चादरीचा एक कोपरा त्यांच्या मांडीवर दिला. "बसा. संध्याकाळपर्यंत. चोळा."

काकू बसल्या. नेटाने बसल्या, मनापासून चोळलं, पाचशे केस लावले. फक्त त्यांनी उलटं ऐकलं असावं. केस जिकडे पळतो ते टोक, अशी त्यांची समजूत झाली आणि त्यांनी पाचशेच्या पाचशे केस उलटे लावून वर रबर घातलं. त्या दिवशी हे कुणालाच कळलं नाही.

संध्याकाळी काकांनी जुड्या हातावर तोलल्या. "कमी पडतात. डाव्या कानापाशी एवढं रिकामं राहील." त्यांनी चार बोटं दाखवली. डब्यात तर आता काहीच नव्हतं. उरलेले केस घड्याळात होते.

चार नंबर दुकानाच्या पायरीवर बसली. सगळा दिवस, सगळं घर, आणि चार बोटं कमी. तेवढ्यात मागोमाग खाली आलेल्या सासूबाई दुकानात गेल्या, काकांची कात्री उचलली, अंबाड्याच्या आतून एक बट ओढून काढली आणि कचकन कापली. काळा रंग लावलेली, पण दाट.

"आई! हे काय केलंत!"

"काय केलं? माझं काय आता लग्न ठरवायचंय?" सासूबाई अंबाडा परत खोचत म्हणाल्या. "त्या बदलीच्या बाईला तुझ्या पेल्यातून पाणी पिऊ देणारी मी नाही. आणि रडू नकोस, डिंक सुटेल तुझा उद्या."

रविवारी संध्याकाळी पट्टी लागली. काकांनी डिंकाने चिकटवली, बटा भुवयांवर सोडल्या, आरसा दिला. आरशात चार नंबर होती! जुनी! आख्खी! नवरा दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "मालाचा नमुना आणि माल, तंतोतंत!" गोदामात याहून मोठी स्तुती नसते.

सोमवारी ती निघाली ती हवेवरच. रस्त्यात वारा होता. बसमध्ये गर्दी होती, तिचं डोकं कधी दांड्याला घासलं, कधी कुणाच्या खांद्याला. प्रत्येक घासण्याबरोबर काकूंचे पाचशे उलटे केस बाकीच्या सुलट्या केसांत आपले खवले रुतवत गेले. तिला एवढंच जाणवलं की कपाळ हळूहळू गार पडतंय. बटा भुवयांवर होत्या, त्या कपाळाच्या मध्यावर आल्या. मग वर. बसमधून उतरली तेव्हा तिच्या डोक्यावर पट्टी नव्हती. गादी होती. गोल, फुगीर, कानापासून कानापर्यंत, आणि उन्हात सासूबाईंची बट तांबडी चमकत होती. एखाद्या कावळ्याने भाड्याने मागावी अशी जागा.

काचेच्या दारापाशी सगळं कार्यालय रांगेत उभं. ती यंत्रासमोर उभी राहिली.

"कृपया टोपी काढा," यंत्र म्हणालं.

रांगेत कुणीतरी खोकलं. ते खोकणं नव्हतं.

तिने मान तिरकी केली. "कृपया टोपी काढा."

"टोपी नाही हो, डोकंच आहे ते!" मागून आवाज आला आणि आख्खी रांग फुटली. लेखापाल हसले, टंकलेखिका हसल्या, पाणी भरणारा हसला. दारावरचे मामा तेवढे हसले नाहीत, ते यंत्राला टपल्या मारत होते.

"काय चाललंय? रांग का अडलीय?" साहेब पोचले. "तुम्ही? अर्ज केलात का? डोक्यावर काय आहे हे?"

मग चार नंबरचं डोकं फिरलं. इतके दिवस ते नुसतं गळत होतं. तिने गादी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. डिंकाबरोबर कपाळाची कातडी निघते की काय असं वाटलं, डोळ्यांत पाणी आलं, तरी ओढली. फाटकन निघाली. "केस आहेत! माझे आहेत, माझ्या सासूचे आहेत! पोर झालं म्हणून गळाले, चोरीला नाही गेले! आख्ख्या घराने दिवसभर चोळलेत, आणि तुम्हाला अर्ज हवाय? माझ्या खिडकीत बसायला मला माझाच दाखला मागता?" साहेब एक पायरी खाली उतरले. ती गर्रकन यंत्राकडे वळली, डोळे लाल, नाकपुड्या फुगलेल्या, ओठ दातांत दाबलेले, कपाळ उघडं. "आणि तू! बघ! नीट बघ!"

"ओळख पटली," यंत्र म्हणालं. "स्वागत आहे."

दार उघडलं.

कुणी हसेना. मामा पुढे वाकले आणि पडद्यावर उमटलेला तिचा जुना फोटो त्यांनी निरखून पाहिला. भुवयांवर बटा होत्या हे खरं. पण बटांखाली! फोटो काढणाऱ्याने त्या दिवशी तिला नऊ वेळा मान वर, मान खाली करायला लावलं होतं आणि दहाव्या वेळी जो चेहरा झाला तो त्याने टिपला होता. डोळे लाल, नाकपुड्या फुगलेल्या, ओठ दातांत.

"ताई," मामा हळूच म्हणाले, "शुक्रवारी तुम्ही हसत होतात."

म्हणजे केसांचा काही संबंधच नव्हता! दोन हजार केस, अंबाड्यातली एक बट, एक पंखा आणि अख्ख्या रांगेसमोर निघालेले धिंडवडे, कशासाठी? तर सरकारी यंत्राला माणूस खूश असलेला ओळखू येत नाही म्हणून! हे आधी कुणी सांगितलं असतं तर तिने साहेबांनाच शुक्रवारी यंत्रासमोर आपल्या शेजारी उभं केलं असतं. तिथल्या तिथे काम झालं असतं.

ती आत गेली. हातातली गादी तिने खिडकी नंबर चारच्या टेबलावर ठेवली. बदलीची बाई एकदा गादीकडे आणि एकदा तिच्या तोंडाकडे बघून, न सांगता उठली. पेला चार नंबरने दोनदा विसळला. मग उघड्या कपाळाने संध्याकाळपर्यंत काम केलं. एकाही माणसाने तिच्या केसांबद्दल अवाक्षर काढलं नाही. ज्याचं काम अडलेलं असतं त्याला खिडकीतल्या बाईचं कपाळ दिसत नाही.

निघायच्या वेळी नवऱ्याचा फोन आला. मागे सासूबाई आरडाओरडा करत होत्या, कारण बाळ आत्ताच, पहिल्यांदाच, कुणाचाही आधार न घेता पालथं पडलं होतं. "ये लवकर!" नवरा ओरडला. "परत सरळ होता येत नाहीये त्याला, पण जाम खूश आहे!" ती पिशवी उचलून पळतच निघाली, दाराशी आली, यंत्रासमोर उभी राहिली. तोंडभर हसू होतं, आवरता आवरत नव्हतं.

"ओळख पटली नाही."

तिने ओठ दाबले. ते परत फाकले. "ओळख पटली नाही." बाळ तिकडे पालथं, आणि ही इकडे काचेच्या आत, गालांना चिमटे काढत उभी. मागे पुन्हा रांग लागायला लागली.

"मामा, उघडा ना हो!"

"माझ्या हातात नाही ताई," मामा म्हणाले. "साहेबांची आठवण काढा."

तिने डोळे मिटले. साहेब नाकापर्यंत आठवले तोच नाकपुड्या फुगल्या, तिने डोळे उघडले आणि दार उघडलं.